ग्लस्टरएफएस: हील झालेल्या फाइली पुन्हा पुन्हा यादीत येतात तेव्हा

ग्लस्टरएफएस ही अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच सामायिक व्हॉल्यूम देणारी फाइल सिस्टिम. सर्व्हरवरच्या ज्या डिरेक्टरीत प्रत साठते ती ब्रिक, आणि मागे पडलेली प्रत ताज्या प्रतीवरून दुरुस्त करणं म्हणजे हील. लक्षण साधारण असं असतं. तीन प्रतींचा व्हॉल्यूम आहे, तिन्ही सर्व्हर चालू आहेत, पीअर स्टेटस विचारलं तर सगळे ‘कनेक्टेड’. तरीही हील बाकी असलेल्या फाइली दाखवणारा हील इन्फो आदेश चालवला की पहिल्या दोन ब्रिकांखाली शे-दोनशे फाइलींची रांग आणि तिसऱ्याखाली शून्य. थोड्या वेळाने सगळीकडे शून्य होतं. पुढच्या दिवशी रांग परत हजर. वापरणाऱ्यांची तक्रार काहीच नाही, फाइली उघडतात, मजकूरही बरोबर असतो. मग आपण हील फुल चालवतो, ग्लस्टर-डी (प्रत्येक सर्व्हरवरची व्यवस्थापनाची प्रोसेस) रीस्टार्ट करतो, पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर संशय घेऊन तिच्या तपासण्या करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आकडा शून्यावर येऊन पुन्हा चढत असेल, तर डिस्क ठीक आहे, ब्रिक ठीक आहे आणि हीलिंग तर उत्तम चाललं आहे, नाहीतर आकडा खाली आलाच नसता. अशा वेळी आधी शोधायचा तो एखादा अर्धवट जोडलेला क्लायंट, ज्याला तीनपैकी दोनच ब्रिक दिसतात.

हे पटायला ग्लस्टरची एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. इतर बऱ्याच सिस्टिममध्ये क्लायंट एका सर्व्हरला डेटा देतो आणि पुढच्या प्रती सर्व्हर आपसात करतात. ग्लस्टरच्या रेप्लिका व्हॉल्यूममध्ये तसं नाही. प्रती करण्याचं काम करणारा थर, म्हणजे एएफआर, क्लायंटच्या प्रोसेसमध्ये चालतो. माउंट करताना आपण ज्या सर्व्हरचं नाव देतो, त्याच्याकडून फक्त व्हॉल्यूमचा नकाशा, म्हणजे व्हॉलफाइल, आणली जाते. त्यानंतर क्लायंट तिन्ही ब्रिकांशी स्वतः थेट जोडणी करतो आणि प्रत्येक राइट तिघांना स्वतः पाठवतो. ‘आम्ही पहिल्या सर्व्हरवरून माउंट केलंय, बाकीच्या दोघांशी या मशीनचा काय संबंध?’ असं म्हणत फायरवॉलचा नियम फक्त पहिल्या सर्व्हरपुरता लिहिलेला असतो, आणि बहुतेक प्रकरणांचा उगम तिथेच असतो.

आता समजा, एका क्लायंटला तिसरा ब्रिक दिसत नाही. तो राइट करतो, पहिल्या दोन ब्रिकांवर ते यशस्वी होतं, तीनपैकी दोन म्हणजे कोरम (लिहिण्यासाठी लागणारं बहुमत) पूर्ण, म्हणून अ‍ॅप्लिकेशनला एररही मिळत नाही. पण एएफआर प्रामाणिक आहे. ज्या दोन ब्रिकांवर लिहिलं गेलं, त्यांच्यावरच्या फाइलीला तो एक खूण चिकटवतो: ‘तिसऱ्याकडे हे पोचलेलं नाही.’ दर १० मिनिटांनी सेल्फ-हील डीमन या खुणांची यादी चाळतो (हील-टाइमआउटचं मूळ मूल्य ६०० सेकंद आहे), सर्व्हरवरून त्याला तिन्ही ब्रिक व्यवस्थित दिसतात, तो तिसरी प्रत दुरुस्त करतो आणि खूण पुसतो. क्लायंट पुन्हा लिहितो, खूण पुन्हा लागते. रात्री चालणारा एखादा जॉब त्या क्लायंटवर असेल तर आकडा रोज रात्रीच चढणार.

यातच हील इन्फो वाचताना होणारी सगळ्यात महागडी चूक दडलेली आहे. फाइलींची नावं ज्या ब्रिकखाली दिसतात, तो ब्रिक खराब नसतो. खूण ज्याच्याकडे आहे, म्हणजे ज्याच्याकडे ताजी प्रत आहे, त्याच्याखाली नाव दिसतं. मागे पडलेल्या ब्रिकखाली शून्य असतं आणि तोच निरोगी वाटतो. या गैरसमजातून चांगल्या प्रतीची डिस्क काढून टाकली जाऊ शकते, आणि तेही ज्या क्षणी तिसरी प्रत शिळी आहे नेमक्या त्याच क्षणी.

दुसरी फसगत हील इन्फोमधल्या ‘स्टेटस: कनेक्टेड’ या ओळीची. हा आदेश सर्व्हरवर चालतो आणि आतून तो स्वतःच एक छोटा क्लायंट असतो. त्यामुळे ‘कनेक्टेड’चा अर्थ ‘या सर्व्हरवरून ब्रिकपर्यंत पोचता येतं’ इतकाच. तुमच्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला ब्रिक दिसतो की नाही, याबद्दल ती ओळ अवाक्षर काढत नाही. पीअर स्टेटसचंही तेच, तो तर फक्त ग्लस्टर-डी एकमेकांशी बोलतात का एवढंच सांगतो.

पुढे जाण्याआधी आकड्याची चाल बघून घ्या. काही तास, दर दोन-चार मिनिटांनी हे नोंदवत राहा:

ग्लस्टर व्हॉल्यूम हील <व्हॉल्यूम> स्टॅटिस्टिक्स हील-काउंट

आकडा हळूहळू पण सतत उतरत असेल तर काही बिघडलेलं नाही, एखादा सर्व्हर बंद होता आणि त्याचा बॅकलॉग निघतो आहे. वाट बघा, फार तर एसएचडी-मॅक्स-थ्रेड्स (सेल्फ-हील डीमनचे समांतर थ्रेड) थोडे वाढवा. आकडा एका जागी गोठलेला असेल तर ते वेगळं दुखणं आहे, त्याकडे शेवटी येतो. एक-दोन फाइली क्षणभर दिसून नाहीशा होत असतील तर त्या चालू राइटच्या खुणा आहेत, त्यांच्यामागे लागू नका. करवतीच्या दात्यांसारखा चढ-उतार असेल तर पुढे वाचा.

खूण वाचणे

यादीतली एखादी फाइल घ्या आणि खूण ज्यांत साठवलेली असते ते तिचे एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट सर्व्हरवर, ब्रिकच्या डिरेक्टरीत जाऊन बघा. माउंटवरून ते दिसणार नाहीत.

गेटएफअ‍ॅटर -डी -एम . -ई हेक्स <ब्रिकवरचा फाइलचा मार्ग>

यात ‘ट्रस्टेड.एएफआर.<व्हॉल्यूम>-क्लायंट-२’ अशा नावाची नोंद असते. शेवटचा अंक ब्रिकचा क्रमांक आणि मोजणी ० पासून, म्हणजे २ हा तिसरा ब्रिक. व्हॉल्यूम इन्फोमध्ये ब्रिक ज्या क्रमाने छापले जातात तोच हा क्रम. किंमत २४ हेक्स अंकांची असते: पहिले ८ डेटासाठी, मधले ८ मेटाडेटासाठी, शेवटचे ८ डिरेक्टरीतल्या नोंदींसाठी. सगळी शून्यं असतील तर तक्रार नाही. पहिल्या आठात काही असेल तर त्या ब्रिकला डेटा पोचलेला नाही.

चार-पाच वेगवेगळ्या फाइलींवर हे करून बघा. प्रत्येक वेळी बोट एकाच ब्रिककडे असेल, तर अर्धवट क्लायंटचा संशय पक्का होत जातो. फक्त ‘ट्रस्टेड.एएफआर.डर्टी’ ही नोंद शून्य नसेल आणि बाकी सगळ्या शून्य असतील, तर कुठलातरी क्लायंट राइटच्या मध्यात मेला किंवा राइट अजून चालू आहे. तो प्रकार हील डीमन आपोआप निस्तरतो.

अपराधी क्लायंट कोणता

यासाठी एकच आदेश कामाचा आहे आणि आश्चर्य म्हणजे तो फारसा कुणी वापरत नाही:

ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस <व्हॉल्यूम> क्लायंट्स

हा प्रत्येक ब्रिकखाली त्याला जोडलेल्या क्लायंटांची संख्या आणि पत्ते छापतो. एकाच रेप्लिका-संचातल्या ब्रिकांच्या याद्या सारख्या असायला हव्यात. समजा पहिल्या दोघांकडे १४ आणि तिसऱ्याकडे १३ आहेत, तर गायब असलेला तो एक पत्ता म्हणजे तुमचा माणूस. पत्त्यापुढचा पोर्ट प्रत्येक जोडणीला वेगळा असतो, म्हणून तुलना करताना तो छाटून टाका. एकाच मशीनवर एकाच व्हॉल्यूमचे दोन माउंट असतील तर तो पत्ता प्रत्येक ब्रिकखाली दोनदा यायला हवा, तेव्हा फक्त नावं नव्हे, किती वेळा आली तेही मोजा. आकडे चढलेले असताना एकदा आणि उतरलेले असताना एकदा, असं दोनदा पाहिलेलं बरं, कारण काही जोडण्या फक्त भार आल्यावरच तुटतात.

आता त्या क्लायंटवर जा. फ्यूज माउंट (व्हॉल्यूम साध्या डिरेक्टरीसारखा जोडलेला) असेल तर माउंटच्या मुळाशी ‘.मेटा’ नावाची डिरेक्टरी असते. एलएसमध्ये ती दिसत नाही, पण सीडी करून आत जाता येतं. तिच्यात ग्राफ्स, त्यात अ‍ॅक्टिव्ह, त्यात ‘<व्हॉल्यूम>-क्लायंट-२’, आणि त्यात ‘प्रायव्हेट’ नावाची फाइल. ती वाचली की ‘कनेक्टेड = ०’ किंवा ‘कनेक्टेड = १’ अशी ओळ मिळते. तिन्ही क्लायंट-क्रमांकांसाठी ती बघा. इथलं उत्तर त्या माउंटच्या स्वतःच्या दृष्टीने असतं, त्यामुळे यावर शंका घेण्याचं कारण नाही.

व्हर्च्युअल मशीनची क्यूईएमयू प्रोसेस, सांबा किंवा एनएफएस-गनेशा लिब-जीएफएपीआय या लायब्ररीमार्फत थेट बोलत असतील तर माउंटच नाही, म्हणून ‘.मेटा’ही नाही. तिथे ‘एसएस -टीएनपी’ने त्या प्रोसेसच्या जोडण्या बघा: व्हॉलफाइल देणाऱ्या सर्व्हरच्या २४००७ पोर्टला एक आणि प्रत्येक ब्रिकला एक. महिनोन्महिने चालू असलेली व्हर्च्युअल मशीन इथे विशेष संशयास्पद, कारण नेटवर्कमध्ये मधल्या काळात झालेले बदल तिच्या गावीही नसतात.

जोडणी का होत नाही

उत्तर क्लायंटच्या लॉगमध्ये असतं. व्हार-लॉगखालच्या ग्लस्टरएफएस डिरेक्टरीत माउंटच्या मार्गावरून नाव पडलेली फाइल असते, मार्गातल्या तिरक्या रेघांच्या जागी आडव्या रेघा. सर्व्हरचे लॉग उपसत बसू नका, ज्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही त्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नसतं.

क्लायंट आधी त्या सर्व्हरच्या ग्लस्टर-डीला २४००७ वर गाठतो आणि ‘अमुक ब्रिक कुठल्या पोर्टवर आहे?’ विचारतो. मिळालेल्या पोर्टवर मग तो ब्रिकला जोडतो. या दोन पायऱ्यांपैकी कुठली अडली, ते संदेशावरून कळतं. ‘रिमोट सबव्हॉल्यूमचा पोर्ट क्रमांक मिळाला नाही’ असा अर्थ निघत असेल तर ग्लस्टर-डी भेटला, पण ब्रिकची प्रोसेसच बंद आहे. मग हा क्लायंटचा प्रश्न उरत नाही, व्हॉल्यूम स्टेटसमध्ये तो ब्रिक ऑफलाइन दिसेल. पोर्ट मिळाला आणि त्यापुढे टाइमआउट होत असेल तर फायरवॉल.

फायरवॉलचा प्रश्न पुन्हा पुन्हा उगवतो त्याला कारण आहे. ब्रिकचा पोर्ट कायमचा ठरलेला नसतो. मोजणी ४९१५२ पासून सुरू होते म्हणून अनेकांनी ४९१५२ ते ४९१५५ असे मोजके पोर्ट उघडलेले असतात, आणि कित्येक वर्षं ते चालूनही जातं. मग ब्रिक वाढतात, किंवा सर्व्हर रीबूट होऊन ब्रिक दुसरा पोर्ट उचलतो. १० या आवृत्तीपासून तर पोर्ट यादृच्छिकपणे निवडला जातो, त्यामुळे अपग्रेडनंतर जुने नियम हमखास तोकडे पडतात. ग्लस्टर-डीच्या व्हॉल-फाइलमध्ये बेस-पोर्ट आणि मॅक्स-पोर्ट अशा दोन सेटिंग असतात, मूळ मूल्यं सहसा ४९१५२ आणि ६०९९९. एक तर ही सगळी श्रेणी प्रत्येक क्लायंटपासून प्रत्येक सर्व्हरपर्यंत उघडा, नाहीतर मॅक्स-पोर्ट खाली आणून श्रेणी अरुंद करा आणि तेवढीच उघडा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी वादही कमी होतो. मधेच कुठे पोर्ट हवा तसा जुळवून घेऊ, असं मात्र करू नका. पुढच्या रीबूटला पुन्हा हेच गुऱ्हाळ.

लॉगमध्ये नाव सोडवता आलं नाही असं असेल, किंवा जोडणी भलत्याच पत्त्यावर जाताना दिसत असेल, तर ब्रिकांची नावं तपासा. व्हॉल्यूम तयार करताना सर्व्हरचं जे नाव दिलं, तेच व्हॉलफाइलमधून क्लायंटकडे जातं. सर्व्हरवर ‘नोड३’ हे लहान नाव होस्ट्स फाइलमुळे स्टोरेज नेटवर्कच्या पत्त्यावर जातं, क्लायंटवर तेच नाव डीएनएसमधून व्यवस्थापनाच्या नेटवर्कवर जातं किंवा कुठेच जात नाही. कंटेनरच्या इमेजमध्ये जुनी होस्ट्स फाइल भाजलेली असणे हा याचाच एक अवतार. प्रत्येक क्लायंटवर ‘गेटएंट होस्ट्स’ने तिन्ही नावं तपासा, कारण अ‍ॅप्लिकेशनला मिळतं तेच उत्तर तो देतो. एनएसलुकअप होस्ट्स फाइलकडे बघतच नाही, त्याच्यावर विसंबू नका.

लॉगमध्ये ‘सर्व्हरने गेल्या ४२ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, जोडणी तोडत आहे’ असा संदेश आणि थोड्याच वेळात पुन्हा जोडल्याचा संदेश, अशी जोडगोळी वारंवार येत असेल तर मामला जरा खोल आहे. जोडणी होते, पण टिकत नाही. ४२ सेकंद हे पिंग-टाइमआउटचं मूळ मूल्य. असं मोठ्या फाइली लिहिताना होत असेल आणि लहान कामांना काहीच होत नसेल, तर एमटीयू, म्हणजे नेटवर्कवरच्या पाकिटाचा कमाल आकार, बघा. दोन्ही टोकांना ९००० ठेवलं आहे आणि मधल्या एखाद्या स्विचच्या पोर्टवर १५०० राहून गेलं आहे, ही परिस्थिती वाटते त्यापेक्षा जास्त वेळा आढळते. छोटी पाकिटं पार होतात, म्हणून पिंग चालतं, एसएसएच चालतं, जोडणीही होते, आणि पहिलं मोठं राइट गेलं की सगळं थिजतं. तपासणी सोपी:

पिंग -एम डू -एस ८९७२ <ब्रिकचा सर्व्हर>

९००० मधून आयपीच्या शीर्षाचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२. पाकीट तुकडे न करता गेलं पाहिजे. न गेल्यास मधला दुवा शोधा. पिंग-टाइमआउट वाढवून हा दोष झाकता येतो असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तेवढा वेळ क्लायंटची राइट अडकून पडतील आणि खुणा तरीही लागतील. ते कमी करणंही वाईटच: तुटणं-जोडणं वाढतं, आणि दर वेळी लॉक व उघड्या फाइलींची स्थिती नव्याने उभी करावी लागते.

चौथं कारण दुर्मीळ पण जास्त धोक्याचं. कधीतरी दोन प्रतींच्या व्हॉल्यूमला तिसरा ब्रिक जोडला. त्या वेळी एखाद्या क्लायंटची व्हॉलफाइल देणाऱ्या ग्लस्टर-डीशी जोडणी तुटलेली होती, म्हणून नवा नकाशा त्याला मिळालाच नाही. तो अजून जुन्याच, दोन ब्रिकांच्या नकाशावर चालतो आहे. अशा क्लायंटला तिसरा ब्रिक आहे हेच माहीत नाही, त्यामुळे तो तिसऱ्याच्या नावाने खूणसुद्धा लावत नाही. ‘.मेटा’मध्ये ‘क्लायंट-२’ ही डिरेक्टरीच नसेल तर हेच झालं आहे असं समजा. उपाय एकच: अनमाउंट करून पुन्हा माउंट. माउंटच्या पर्यायांत बॅकअप-व्हॉलफाइल-सर्व्हर्स दिलेले असावेत, म्हणजे माउंट करायच्या वेळी पहिला सर्व्हर बंद असला तरी नकाशा दुसऱ्याकडून मिळतो.

दुरुस्तीचा क्रम

आधी क्लायंटची जोडणी, मग हील. उलटं केलं तर हील होत राहील आणि खुणा लागत राहतील. जोडणी सुधारली की व्हॉल्यूम स्टेटस क्लायंट्समध्ये आकडे जुळले का ते बघा, मग साधं ‘ग्लस्टर व्हॉल्यूम हील <व्हॉल्यूम>’ द्या. ते फक्त खुणांची यादी चाळतं. हील फुल सगळं फाइलवृक्ष पालथं घालतं, लाखो फाइलींच्या व्हॉल्यूमवर त्याचा भार अ‍ॅप्लिकेशनला जाणवतो, आणि इथे त्याची गरज नाही. अपवाद वरच्या चौथ्या प्रकाराचा, तिथे खुणाच नसल्याने यादी अपुरी असते.

‘सगळं आपोआप दुरुस्त होतंय, मग कशाला जीव टाकायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्या दहा-दहा मिनिटांच्या फटीत तुमच्याकडे ताज्या प्रती दोनच असतात. आणि खरं पितळ उघडं पडतं ते रोलिंग अपग्रेडच्या दिवशी: पहिला सर्व्हर रीबूटसाठी खाली घेतला की त्या अर्धवट क्लायंटकडे तीनपैकी एकच ब्रिक उरतो, कोरम तुटतो आणि त्याचं लिहिणं थांबतं. बाकी सगळे क्लायंट मजेत असतात, त्यामुळे दोष अपग्रेडवर ढकलला जातो.

दोन प्रतींचा व्हॉल्यूम असेल तर गोष्ट याहून वाईट. एका क्लायंटला फक्त पहिला ब्रिक दिसतो, दुसऱ्याला फक्त दुसरा, आणि क्लायंट-कोरम बंद ठेवलेला आहे. दोघांनीही एकच फाइल लिहिली की दोन्ही ब्रिक एकमेकांकडे बोट दाखवतात. हाच स्प्लिट-ब्रेन. फाइल उघडताना इनपुट-आउटपुट एरर येते आणि हील डीमन हात वर करतो, कारण खरी प्रत कुठली हे त्याला ठरवता येत नाही. हील इन्फो स्प्लिट-ब्रेन या आदेशाने यादी मिळते. सोडवायला तीन पर्याय आहेत: लेटेस्ट-एमटाइम, बिगर-फाइल आणि सोर्स-ब्रिक. यांपैकी काहीही देण्याआधी दोन्ही ब्रिकांवरून त्या फाइलीची प्रत व्हॉल्यूमबाहेर काढून ठेवा, कारण हरलेली प्रत पुसली जाते. मोठी फाइल निवडणं फक्त शेवटी भर पडत जाणाऱ्या लॉगसारख्या फाइलींना शोभतं, डेटाबेसच्या फाइलीला कधीच नाही. लेटेस्ट-एमटाइमवर भरवसा ठेवायचा तर मशीनची घड्याळं जुळलेली असली पाहिजेत. महत्त्वाच्या फाइलींसाठी मी डोळ्यांनी तुलना करून सोर्स-ब्रिकच निवडीन. नंतर शक्य तितक्या लवकर तिसरा ब्रिक, निदान आर्बिटर (डेटा न ठेवता फक्त निवाडा करणारा ब्रिक) तरी, जोडा.

आकडा गोठलेला असेल तर क्लायंटला दोष देऊ नका. आर्बिटर असलेल्या व्हॉल्यूममध्ये त्या ब्रिकवर ‘डीएफ -आय’ चालवा. आर्बिटर फाइलींची फक्त नावं आणि मेटाडेटा ठेवतो, त्यामुळे जागा रिकामी दिसते पण आयनोड (डिस्कवर फाइलींची नोंद ठेवण्याच्या जागा) संपलेले असू शकतात, आणि नवी नोंद तयार न झाल्याने हील अडतं. दुसरी शक्यता म्हणजे कुणीतरी माउंटला वगळून थेट ब्रिकच्या डिरेक्टरीत लिहिलं आहे, बॅकअप परत आणताना आरसिंकने हमखास होतं तसं. एकाच नावाच्या फाइलीचा जीएफआयडी (ग्लस्टरने फाइलीला दिलेला ओळख-क्रमांक) दोन ब्रिकांवर वेगळा निघाला तर ती जोडी आपोआप जुळत नाही. ‘ट्रस्टेड.जीएफआयडी’ची तुलना केली की लगेच दिसतं.

देखरेखीत बहुतेक जण हील-काउंटवर अलार्म लावतात आणि रोज रात्रीच्या खोट्या हाकांना कंटाळून तो बंद करतात. त्यापेक्षा एकाच रेप्लिका-संचातल्या ब्रिकांच्या क्लायंटसंख्येतला फरक मोजा. नव्या माउंटच्या वेळी काही सेकंद तो दिसणारच, म्हणून सलग पाच मिनिटं टिकला तरच अलार्म वाजू द्या, आणि संदेशात गायब असलेला पत्ता छापा.